आडनाव, गाव आणि दहा रुपये : कवी नारायण सुर्वे

(भागाची लिखित प्रत. बोलतानाचं अडखळणं आणि जादाचे 'म्हणजे', 'तर' काढलेत. बाकी जसं बोललं तसंच ठेवलंय.)

[००:००] सुरुवात

मारुंजीतून बोलतोय, त्यामुळे मागून मध्येच पाण्याच्या टँकरचा आवाज आला तर तो आपल्या कार्यक्रमाचाच भाग समजा.

गेल्या भागात आपण बद्र शाकिर अस-सय्याब या इराकी कवीबद्दल बोललो. ज्यांनी तो भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगतो. बसराजवळच्या जैकूर नावाच्या खेड्यात १९२६ साली जन्म. सहा वर्षांचा असताना आई गेली. बगदादला शिक्षक होण्याचं शिक्षण, मग कम्युनिस्ट पक्ष, मग नोकरी जाणं, तुरुंग, कुवेतला पळून जाणं, पुढे पक्षाशीही फारकत. १९४७ च्या सुमाराला त्याने आणि नाझिक अल-मलाइका या कवयित्रीने अरबी कवितेची हजारेक वर्षांची ठरलेली चौकट मोडली. १९६४ च्या डिसेंबरमध्ये कुवेतच्या एका हॉस्पिटलात तो गेला, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

त्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. आपल्याकडे असा कोण? म्हणजे गरिबी, लाल झेंडा, मोठं शहर आणि मोडलेला छंद हे सगळं एकाच माणसात असलेला मराठी कवी कोण?

उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. त्याचाही जन्म १९२६ चा. नाव नारायण सुर्वे. तुमच्यातल्या कुणी अलीकडे दहावी केली असेल तर मराठीच्या पुस्तकातली 'दोन दिवस' ही कविता आठवेल. परीक्षेत तिचा 'रसग्रहण' नावाचा प्रश्न यायचा, आणि त्या प्रश्नापायी कविता बाजूलाच राहायची. आज आपण तो माणूस कोण होता ते बघू. आणि तो आपल्याला, म्हणजे हिंजवडी-मारुंजीच्या ट्रॅफिकमध्ये हा भाग ऐकणाऱ्यांना, काय सांगतो तेही बघू.

[०२:१०] तीन प्रश्न

महाराष्ट्रात कुणी नवीन माणूस भेटला की आपण तीन गोष्टी काढून घेतो. दोन उघड विचारतो, तिसरी हळूच. आडनाव काय? गाव कुठलं? आणि तिसरी तुम्हाला माहितीच आहे. कँटीनमध्ये नवीन जॉइन झालेल्या पोराला पहिला प्रश्न 'कुठल्या टेक्नॉलॉजीवर आहेस' हा येत नाही. 'मूळचा कुठला तू?' हा येतो. तो म्हणाला लातूर, की आपण म्हणतो, अरे वा, आमचे मामा तिकडचेच. झाली ओळख.

आता असा माणूस डोळ्यांसमोर आणा, ज्याच्याकडे या तिन्हीपैकी एकाचंही जन्माने आलेलं उत्तर नाही. सुर्व्यांची सगळी गोष्ट इथून सुरू होते, आणि माझ्या मते त्यांची कविताही.

मुंबईत चिंचपोकळीच्या भागात एका गिरणीसमोर गंगाराम कुशाजी सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला एक तान्हं मूल सापडलं. कुणी ठेवलं, का ठेवलं, काहीच माहीत नाही. गंगाराम इंडिया वुलन मिलमध्ये साचेवाले, म्हणजे सूतकताईच्या खात्यात. त्यांच्या पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये कामाला. त्यांनी ते मूल घरी आणलं, वाढवलं, आणि त्याला आपलं नाव दिलं. नारायण गंगाराम सुर्वे. १५ ऑक्टोबर १९२६ ही तारीख आज आपण त्यांची जन्मतारीख म्हणून सांगतो. सापडलेल्या मुलाची जन्मतारीख दुसऱ्या कुणीतरी ठरवूनच द्यावी लागते.

इथे एक क्षण थांबू या. चाळीतली एक खोली, दोघंही पाळीत राबणारे, पगार बेताचा. शेजारीपाजारी विचारणारच की कुणाचं पोर, कुठल्या जातीचं. अशा वेळी एक साचेवाला आपलं आडनाव एका अनोळखी मुलाच्या मागे लावतो. कागदावर बघितलं तर दोन शब्द. पण पुढची सगळी मराठी कामगार कविता त्या दोन शब्दांची ऋणी आहे.

[०५:०५] गिरणगाव म्हणजे काय होतं

आपल्या वयाच्या लोकांना लोअर परळ म्हणजे काचेच्या इमारती आणि मॉल एवढंच माहीत असतं. म्हणून थोडं मागे जाऊ.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहिली, कावसजी दावर यांची. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा गिरण्यांचा झाला. माणसं आली कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर. भोंगा वाजला की पाळी सुरू, भोंगा वाजला की पाळी संपली. एका खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीचा आडवा व्हायचा. जेवायला खानावळी, तिथे बायका डबे आणि ताटं सांभाळायच्या. आणि रोज सकाळी गेटवर बदली कामगारांची रांग असायची. बदली म्हणजे कायम नसलेला. कुणी गैरहजर असेल तर आज काम, नाहीतर घरी परत.

चाकण किंवा भोसरीला ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना ही रांग ओळखीची वाटेल. आता तिला 'कॉन्ट्रॅक्टवर' म्हणतात.

पण गिरणगावच्या प्रत्येक कामगाराकडे एक गोष्ट होती, ती म्हणजे गाव. शिमग्याला, गणपतीला जायचं ठिकाण. संप झाला, आजार आला, म्हातारपण आलं की मुंबई सोडून तिकडे जायचं. गिरणगावची गाणी ऐका, त्यात कोकणातली वाट बघणारी बायको असते, मनीऑर्डर असते, एसटी किंवा बोट असते.

नारायणाच्या वाट्याला गाव आलं, पण उलट्या बाजूने. तो दहा-बारा वर्षांचा असताना, चौथी झाली त्या सुमाराला, गंगाराम निवृत्त झाले आणि आपल्या गावी कोकणात निघून गेले. जाताना मुलाच्या हातात दहा रुपये ठेवले.

गंगारामांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते जमत नाही. थकलेला कामगार, ज्याचं मुंबईतलं सगळं अस्तित्व नोकरीवर टांगलेलं. नोकरी गेली की खोलीचं भाडं कुठून भरणार? गाव हीच त्याची पेन्शन. तिकडे गेल्यावर या मुलाबद्दल भाऊबंद काय विचारतील हाही प्रश्न असेल. त्याने मुलाला नाव दिलं आणि दहा रुपये दिले. गाव देता आलं नाही.

[०८:३०] दहा रुपयांपासून मास्तरपर्यंत

इथून पुढची यादी मी भरभर सांगतो, कारण ती जशी जगली गेली तशी सांगायला एक भाग पुरणार नाही. एका घरात घरगडी. हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या. हमाली. पोरसवदा वयात गिरणीतलं काम. रस्त्यावरचा मुक्काम. याच काळात युनियनशी, कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आला. मोर्चे, पत्रकं, संप.

गिरणगावात तेव्हा वातावरणच तसं होतं. १९४४ च्या सुमाराला अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं होतं. अण्णा भाऊंनाही शाळा जवळजवळ नव्हतीच. म्हणजे ज्याला शाळेने घेतलं नाही तो माणूस स्टेजवर उभा राहून हजारो लोकांसमोर आपलं लिहिलेलं गातो, हे नारायणाला डोळ्यांसमोर दिसत होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर कोर्सचं सर्टिफिकेट नाही, पण काम करून दाखवणारा सीनियर शेजारी बसलाय.

पुढे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी लागली. शिपाई असताना त्यांनी अभ्यास केला आणि १९५७ साली व्हर्नाक्युलर फायनल पास झाले. आताच्या हिशेबात ती सातवीची परीक्षा, पण तेव्हा तिच्यावर प्राथमिक शिक्षक होता यायचं. १९६१ मध्ये ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. वय साधारण पस्तीस. शिपायाचे मास्तर झाले.

मध्ये १९४८ साली कृष्णाबाईंशी लग्न झालं होतं. त्याही पोरक्याच वाढलेल्या. त्यांनी पुढे 'मास्तरांची सावली' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. सुर्व्यांवर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं. कारण कवी मोर्चात आणि कविसंमेलनात असतो तेव्हा घरातली चूल कोण पेटती ठेवतं, हा हिशेब कवितासंग्रहात येत नाही. पुस्तकाच्या नावात त्या स्वतःला सावली म्हणतात. मला हे नाव वाचून जरा टोचतं. नाव-गाव नसलेल्यांना नाव देणाऱ्या कवीच्या घरातली बाई स्वतःची ओळख दुसऱ्याच्या सावलीने सांगते. पण मग लक्षात येतं की पुस्तक तिचं आहे, बोलतेय ती, आणि मुखपृष्ठावर नावही तिचंच आहे.

[१२:००] कवितेत काय बदललं

आता कवितेकडे. सय्याबच्या भागात आपण बघितलं की अरबीत छंद मोडण्यावरून केवढा गदारोळ झाला. मराठीत ते काम सुर्व्यांच्या आधीच सुरू झालं होतं. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांनी १९३० च्या दशकातच मुक्तछंद रुजवला. आणि १९४७ साली, म्हणजे नाझिक अल-मलाइकाची 'कॉलरा' ही कविता आली त्याच वर्षी, बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह आला आणि मराठीत खळबळ उडाली. अश्लीलतेचा खटला झाला, १९५२ मध्ये ते निर्दोष सुटले.

म्हणजे सुर्वे लिहायला लागले तेव्हा दार उघडलेलं होतं. मग त्यांनी नवीन काय केलं?

माझं उत्तर असं. मर्ढेकरांना मुंबईच्या गर्दीत माणूस मुंगीएवढा झालेला दिसला, आणि त्या मुंग्यांत त्यांनी स्वतःलाही धरलं. मोठी गोष्ट आहे ती. पण त्या मुंग्यांना नावं नव्हती. सुर्व्यांच्या कवितेत नावं आली. उस्मान अली आला. 'शीगवाला' आला. पोर्टर आला. वेश्यावस्तीतली आई आली. आणि ही माणसं नुसती दिसली नाहीत, ती बोलली. कवी त्यांच्याबद्दल सांगत नाही, तीच सांगतात. त्यांच्या हिंदीमिश्रित, बंबइया, कोकणी वळणाच्या, घाटावरच्या मराठीत.

हे किती अवघड आहे ते बघा. गरीब माणसाच्या तोंडी बोली घातली की बहुतेक वेळा ती विनोदी वाटायला लागते. सिनेमात नोकराची भाषा ऐकून लोक हसतात ना, तसं. सुर्व्यांच्या कवितेत त्या बोलीवर कुणी हसत नाही. कारण ती बोलणारा माणूस आपल्यापेक्षा जास्त जगलेला आहे, हे दोन-तीन ओळींतच कळतं.

त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली आला. नाव 'ऐसा गा मी ब्रह्म'. या नावातच काय काय आहे बघा. 'मी ब्रह्म आहे' हे उपनिषदातलं वाक्य, संस्कृतातलं, पाठशाळेतलं. आणि 'ऐसा गा' हे ज्ञानेश्वरीच्या वळणाचं बोलणं, समोरच्याला जवळ घेऊन सांगणारं. ज्याला स्वतःची जात सांगता येत नाही असा गिरणगावातला मास्तर हे दोन्ही उचलतो आणि म्हणतो, ते ब्रह्म मी. शाळेने, धर्माने, समाजाने ज्याला रकानाच दिला नाही तो थेट सगळ्यात वरचा रकाना भरतो. थोडा उद्धटपणाही आहे त्यात, आणि मला तो फार आवडतो.

[१६:१५] कागदपत्रं

आता मी तुम्हाला एक गोष्ट दाखवतो, जी मला त्यांच्या पुस्तकांची नावं एकाखाली एक लिहिल्यावर दिसली. पहिलं 'ऐसा गा मी ब्रह्म'. दुसरं, १९६६ चं, 'माझे विद्यापीठ'. तिसरं, १९७५ चं, 'जाहीरनामा'. मग निवडक कवितांचं, १९८२ चं, 'सनद'.

विद्यापीठ. जाहीरनामा. सनद.

हे सगळे कागदांचे, कचेऱ्यांचे शब्द आहेत. विद्यापीठ पदवी देतं. जाहीरनामा पक्ष काढतो. सनद सरकार देतं, पूर्वी राजा द्यायचा. ज्या माणसाकडे जन्माचा दाखला नव्हता, त्याने आपली एकेक कागदपत्रं स्वतः लिहून काढली. तुम्ही मला पदवी दिली नाहीत ना, हे घ्या माझं विद्यापीठ, ते रस्त्यावर भरतं. 'माझे विद्यापीठ' या नावामागे मॅक्सिम गॉर्कीच्या 'माझी विद्यापीठे' या आत्मकथेची आठवण आहेच. तोही पोरका, तोही कष्टकरी. पण गॉर्कीला निदान आजीच्या गोष्टी मिळाल्या होत्या.

आता हे मनात ठेवून त्यांची एक कविता बघा, 'मास्तर तुमचंच नाव लिवा'. ओळी मी इथे वाचत नाही, तुम्ही मिळवून वाचा. प्रसंग फक्त सांगतो. वेश्यावस्तीतली एक बाई मुलाला शाळेत घालायला आली आहे. मास्तर नोंदवहीत नाव लिहितोय. मुलाचं नाव झालं. मग वडिलांचं नाव, कारण तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. आणि ती म्हणते, मास्तर, तुमचंच नाव लिहा.

ही कविता बहुतेक वेळा 'वेश्यांच्या दुःखाची कविता' म्हणून सांगितली जाते. ते खरंच आहे. पण लिहिणाऱ्याकडे बघा. तो स्वतः महापालिकेच्या शाळेत मास्तर आहे. आणि तोच कधीकाळी ते मूल होता, ज्याच्या बापाच्या रकान्यात एका साचेवाल्याने आपलं नाव लिहू दिलं. म्हणजे ती बाई मास्तरकडे जे मागतेय ते गंगारामांनी आधीच करून दाखवलं होतं. नोंदवहीच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलाय. ही गोष्ट कळल्यावर ती कविता मला पूर्वीसारखी वाचता येत नाही.

आपण रोज फॉर्म बनवतो. निदान आपल्यातले माझ्यासारखे फ्रंटएंडवाले तरी. एखाद्या फील्डपुढे लाल चांदणी लावली की ते भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. वडिलांचं नाव, चांदणी. कायमचा पत्ता, चांदणी. ती चांदणी लावताना कुणासाठी दार बंद होतंय, याचा विचार करायला तिकिटात वेळ धरलेला नसतो. सुर्व्यांची ही कविता मला त्या चांदणीबद्दलची वाटते.

[२०:००] लाल झेंडा, आणि एक मतभेद

सुर्वे कम्युनिस्ट होते आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. १९७३ मध्ये त्यांना सोव्हिएत लँड नेहरू पुरस्कार मिळाला. सय्याबने पक्ष सोडला, कडवटपणे सोडला. सुर्व्यांचा जीव शेवटपर्यंत त्या बाजूलाच राहिला. मला वाटतं याचं एक कारण अगदी साधं आहे. सय्याबला परतायला जैकूर होतं. बगदादमध्ये तो हरवलेला होता आणि त्याच्या कवितेत खजुराची झाडं आणि गावचा ओढा पुन्हा पुन्हा येतो. सुर्व्यांकडे जैकूर नव्हतं. मुंबईच त्यांची आई, आणि युनियन हीच भावकी. भावकीशी भांडण होतं, पण ती सोडून माणूस जाणार कुठे?

त्यांची 'कार्ल मार्क्स' नावाची कविता प्रसिद्ध आहे. त्यात मार्क्स ग्रंथालयात भेटत नाही, संपात भेटतो. आणि एक साधी बाई त्याची ओळख करून देते ती एखाद्या साधूबाबाची करून द्यावी तशी. ज्या माणसाने धर्माला अफू म्हटलं त्याला ती बाबा करून टाकते! यात कवी तिला हसत नाही. परकं तत्त्वज्ञान आपल्या चाळीत राहायला आलं की त्याला चाळीतलं नाव पडणारच, एवढंच तो सांगतो.

आता मतभेदाचं. सुर्व्यांच्या सगळ्याच कविता या उंचीच्या आहेत असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी, विशेषतः 'जाहीरनामा'च्या काळात, माणूस बाजूला होतो आणि घोषणा पुढे येते. उद्याचा सूर्य, मुठी, पहाट. हे शब्द मोर्चात चालतात, कागदावर लवकर शिळे होतात. जिथे उस्मान अली बोलतो, आई बोलते, मास्तर लिहितो, तिथे ते आजही ताजे आहेत. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांनी गिरणगावची बोली छापील कवितेत आणून बसवली, आणि तिथून पुढची वाट रुंद झाली. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. ढसाळांचा आवाज वेगळा, राग वेगळा, जातीचा प्रश्न सुर्व्यांपेक्षा कितीतरी थेट. पण मुंबईच्या त्या वस्त्यांना कवितेत बोलताना मराठी वाचकाने आधी ऐकलं होतं ते सुर्व्यांकडून.

[२३:३०] १९८२

आता एका वर्षावर थांबू. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, माणसं गावी गेली, ज्यांना गाव नव्हतं ती तिथेच कुठेतरी विरली. त्याच वर्षी सुर्व्यांची 'सनद' आली. आणि त्याच वर्षी इकडे पिंपरी-चिंचवड नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

या तीन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण एकीकडे कामगारांचं एक शहर संपत होतं आणि दुसरीकडे दुसरं रीतसर शहर म्हणून नोंदवलं जात होतं, हे खरं आहे. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्तान अँटिबायोटिक्स होती, मग टेल्को आली, बजाज आली, भोसरीची एमआयडीसी आली. पुढे चाकण. मग हिंजवडी, आणि हिंजवडीच्या मागे आमचं मारुंजी, जिथे भातखाचरांच्या जागी आता बावीस मजले आहेत.

म्हणूनच भोसरीत सुर्व्यांच्या नावाने साहित्य-कला अकादमी चालते याचं मला नवल वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांवर लिहिणारा कवी इथल्या कामगारांनी आपला मानला, कारण पाळी तीच आहे, फक्त भोंग्याच्या जागी थंब मशीन आलंय.

आणि काशीबाई जिथे राबल्या ती कमला मिल? तिच्या आवारात आता ऑफिसं आहेत, हॉटेलं आहेत. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तिथे आग लागून १४ माणसं गेली, तेव्हा ते नाव सगळ्यांनी ऐकलं. तिथे आज लॅपटॉप घेऊन बसणारी मुलं-मुली आपल्यासारखीच आहेत. आपण स्वतःला कामगार म्हणत नाही. एम्प्लॉयी म्हणतो, रिसोर्स म्हणवून घेतो. पण बेंचवर बसलेल्या माणसाला विचारा, सोमवारी प्रोजेक्ट मिळेल की घरी जावं लागेल ही धाकधूक काय असते. गेटवरच्या बदली कामगाराला ती नीट कळली असती.

[२७:००] शेवटची वर्षं

मानसन्मान बरेच मिळाले. १९९५ मध्ये परभणीच्या ६८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी 'नव्या माणसाचे आगमन' हा संग्रह आला. १९९८ मध्ये पद्मश्री, पुढच्या वर्षी मध्य प्रदेश सरकारचा कबीर सन्मान. कबीर! त्याच्याही जन्माची कथा एका विणकर जोडप्याला सापडलेल्या मुलाची सांगतात. कबिराला सांभाळणारे कापड विणणारे आणि नारायणाला सांभाळणारे सूत कातणारे. पुरस्कार देणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे, पण योग जुळून आला.

अरुण खोपकरांनी त्यांच्यावर एक माहितीपट केला, २००२ साली. त्याचं नाव काय ठेवलं असेल? 'नारायण गंगाराम सुर्वे'. तिन्ही शब्द. चित्रपटाला याहून नेमकं नाव सुचलं नसतं, कारण मधला शब्द गाळला तर गोष्टच उरत नाही.

शेवटच्या काळात ते नेरळला राहत होते. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात त्यांचं निधन झालं. वय ८३.

[२८:४०] जाता जाता

सुरुवातीला आपण तीन प्रश्नांबद्दल बोललो. आडनाव, गाव, आणि तो तिसरा. सुर्व्यांनी त्यांची उत्तरं कशी दिली ते आता सांगता येईल. आडनाव एका कामगाराने दिलं, ते त्यांनी आयुष्यभर मिरवलं. गाव म्हणून मुंबईचा रस्ता सांगितला. आणि तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून ब्रह्मच सांगितलं.

उद्या सकाळी आपल्याकडच्या कुठल्याही मजूर अड्ड्यावरून जाल तेव्हा तिथे उभी असलेली माणसं बघा. बिहारची, मराठवाड्याची, विदर्भातली. आपल्या बिल्डिंगी त्यांनीच बांधल्यात. त्यांच्यातला कुणी रात्री पत्र्याच्या खोलीत मोबाइलवर काहीतरी लिहीत असेल. मराठीत असेल, मैथिलीत असेल. आपल्याला ते दिसणार नाही, कारण आपण सोसायटीच्या गेटवर त्याचं फक्त नाव, गाव आणि आधार नंबर लिहून घेतो.

सुर्वे कुठून वाचायचे असं विचाराल तर 'सनद'पासून सुरुवात करा, त्यात निवडक कविता आहेत. मग 'माझे विद्यापीठ'. आणि शक्य असेल तर मोठ्याने वाचा, त्या बोलायसाठीच लिहिल्यात. तुमच्या घरात, गिरणीत किंवा कंपनीत कुणी त्यांना प्रत्यक्ष कविता म्हणताना ऐकलं असेल तर मला जरूर कळवा, त्या आठवणी पुढच्या भागात घेऊ.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.